मुखरूच्या धानाचा वास

चंदाबाईच्या सासऱ्याची तेरवी होती. पंगत बसली, पत्रावळीवर वांग्याची भाजी पडली, वाढप्याने भाताच्या गंजावरचं झाकण उचललं, आणि मांडवभर वाढदिवसाचा वास सुटला.

त्याला दुसरा शब्दच नाही. तालुक्याच्या मूल गावातल्या बेकरीतून आणलेला केक कापताना येतो, अगदी तोच वास. पंगतीतली पोरं आधी एकमेकांकडे पाहू लागली. मग एकाने टाळी वाजवली आणि बघता बघता अकरा पोरांनी मेलेल्या म्हाताऱ्याला सुरात जन्मदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. चंदाबाईने सकाळपासून राखून ठेवलेलं रडू नेमकं त्याच वेळी काढायला घेतलं होतं. ते मधेच अडकलं आणि हसू होऊन बाहेर पडलं. सासऱ्याच्या तेरवीला सून हसली! हे आता गाव सात पिढ्या सांगणार.

"भाताले केकचा वास येऊन राह्यला बे," लच्छू म्हणाला. लच्छू म्हणजे कोसंबगावचं नाक. मूठभर तांदूळ हुंगून तो वाण कोणता, वावरातल्या कोणत्या बांदीतला आणि पाणी कोणत्या तळ्याचं, सगळं सांगतो असा त्याचा लौकिक होता. खरं-खोटं कोणी तपासलं नव्हतं, कारण तपासायचं म्हटलं तर दुसरं तेवढं नाक आणायचं कुठून?

त्याच पंगतीत देवाजी उंदिरवाडे बसला होता. केक हा शब्द ऐकताच त्याचा घास तोंडातच राहिला. हा वास कुठून आला ते अख्ख्या गावात त्याला एकट्यालाच समजलं होतं. मग त्याने उठून सांगावं की नाही? देवाजीने घास गिळला आणि आणखी भात मागितला. अंगाशी आलं की माणूस आधी जेवून घेतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

देवाजी प्रफुलभाऊंच्या राइस मिलमध्ये तीस वर्षं मिस्त्री. पट्टा घसरला, चाळणी फाटली, पॉलिशर गरम झाला, की हाक देवाजीला. त्याची मुलगी नंदिनी नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकून परत आली आणि तिने मिलच्या मागची पडकी खोली मागून घेतली. तांदूळ पॉलिश करताना जो कोंडा निघतो, तो आपल्याकडे म्हशीच्या पोटात जातो, नाहीतर तेलवाल्याच्या ट्रकात. नंदिनी म्हणायची, त्या कोंड्यात एक पदार्थ दडलेला असतो. एक काळी बुरशी कोंडा फोडून तो मोकळा करते. मग तळ्याच्या पाळीवरच्या मेलेल्या झाडावरून तिने खरवडून आणलेली शेंदरी बुरशी त्या पदार्थाचं व्हॅनिला करून देते. आइस्क्रीमवाल्याला, बिस्किटवाल्याला, अगरबत्तीवाल्याला, सगळ्यांना हवी असलेली चीज, आणि ती निघणार म्हशीच्या घमेल्यातून.

देवाजीला यातलं अर्धं कळायचं, उरलेलं तो मान डोलावून भागवायचा. पण बुरशीचं करायचा मात्र मनापासून. सकाळी खोलीत शिरला की ट्रेवर वाकून विचारायचा, "जेवल्या का वं बाई?" आणि मग ओलं फडकं बदलायचा. दोन वर्षांत त्या वासाची त्याच्या नाकाला इतकी सवय झाली होती की त्याला तो येतच नसे.

नागपूरच्या एका संस्थेतून मॅडम येऊन काम तपासणार होत्या. पसंत पडलं तर मिलच्या मागेच मोठं युनिट, आणि ते नंदिनीच्या हाती. नाही पडलं तर नंदिनी हैदराबादला बिस्किटाच्या कारखान्यात नोकरीवर जाणार, हे तिने घरात सांगून ठेवलं होतं. पोरगी गावात राहावी एवढी एकच आस देवाजीला होती. ती त्याने कोणाला बोलून दाखवली नव्हती, बुरशीखेरीज.

आता त्याची चूक सांगतो. काम झालेला कोंडा नंदिनी चुंगड्यांमध्ये, म्हणजे पोत्यांमध्ये, भरून वाळवायची आणि मग खड्ड्यात टाकायची. चुंगड्या रिकाम्या पडायच्या. बारदाना फेकून देणं देवाजीच्या रक्तात नव्हतं. तीस वर्षांत त्याने सुतळीचा तुकडाही टाकला नव्हता. त्याने त्या चुंगड्या भिंतीवर बारा-बारा वेळा आपटल्या, उन्हात घातल्या आणि मिलवर येणाऱ्या गिऱ्हाइकांना तांदूळ भरायला देऊन टाकल्या. अशा तीस चुंगड्या गावभर गेल्या.

दुसऱ्या कुठल्या मुलखात भाताला केकचा वास आला असता, तर लोकांनी गंज पाहिला असता, पाणी पाहिलं असतं, आचाऱ्याला दोन शिव्या घातल्या असत्या. पण हा धानाचा मुलूख. इथला प्रत्येक शेतकरी कापणीच्या आधी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, फिरताना डोळा ठेवून असतो, की शंभर लोंब्यांत एखादी निराळी दिसते का. दिसली, की ती जपायची, वेगळी पेरायची आणि आपल्या नावाचा नवा वाण काढायचा. त्यामुळे गावाने वासाचं कारण शोधलंच नाही. गावाने थेट वावर शोधायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सतरा जणांनी सांगितलं की वास आपल्याच धानाचा आहे. एकाने तर निराळी लोंबी आपल्या स्वप्नात आली होती असंही सांगितलं. दुपारी सुगंधी धान समिती स्थापन झाली. ग्रामपंचायतीसमोर सतरा चुंगड्या रांगेत ठेवल्या आणि लच्छूला पाचारण झालं. लच्छूला त्या दिवशी सडकून सर्दी होती. पण मोठ्या माणसाच्या सर्दीबद्दल बोलायचं कसं? तो एकेका चुंगडीत डोकं घालून बराच वेळ आत राहायचा. नवव्या चुंगडीतून डोकं बाहेर काढलं, तेव्हा त्याची सर्दी उतरली होती.

"हाच तो," लच्छू म्हणाला. चुंगडी मुखरू गुरनुलेची होती.

ती तशी असणारच होती. ज्यांच्या घरी दोन-चार चुंगड्या होत्या, त्यांनी देवाजीकडून एखादीच घेतली होती. मुखरूकडे एकही नव्हती, म्हणून त्याचा सगळा तांदूळ देवाजीच्याच चुंगड्यांत. मुखरू म्हणजे दोन एकराचा धनी, साठी ओलांडलेला, घरात एकटा. गावच्या बैठकीत तो नेहमी खांबाआड बसायचा आणि कोणी त्याला बाजूला सरक म्हणालं तर आणखी सरकायचा. त्या दिवशी त्याच्या गळ्यात हार पडला. हार कसा सांभाळायचा ते माहीत नसल्याने तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

वाणाचं नाव ठरलं 'मुखरू सुगंधा'. त्याच्या बांदीवर पाटी लागली. लोक धुऱ्यावर पाय ठेवण्याआधी चपला काढू लागले. एका बाईने तान्ह्या पोराला आणून त्याचं नाक त्या मातीला लावलं, म्हणे मोठेपणी लच्छूसारखं होईल. दोन लग्नांत मुखरूच्या तांदळाच्या अक्षता पडल्या, तर वऱ्हाडी टाकायच्या अक्षता हुंगत बसले आणि नवरा-नवरीच्या डोक्यावर काहीच पडलं नाही. मुखरूने तालुक्याहून पांढरी टोपी आणली. तो आता रस्त्याच्या मधून चालायचा.

हे सगळं देवाजी बघत होता आणि आतल्या आत कुढत होता. नंदिनी तपासणीच्या तयारीत खोलीबाहेरच पडत नव्हती, तिच्यापर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं. सांगावं, तर गाव म्हणणार, तू आमाले बुरशी चारली. मग मिलची मागची खोली बंद झालीच म्हणून समजा. आणि सांगावं, तर मुखरूची ती टोपी! रस्त्यात मुखरू दिसला की देवाजी गल्ली बदलायचा. खरं सांगायचं तर त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती लाज दिवसागणिक वाढत होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरच्या रीता मॅडम आल्या. त्यांनी ट्रे पाहिले, वह्या पाहिल्या, शेवटी नंदिनीच्या हातची छोटी बाटली उघडून हुंगली आणि त्यांचा चेहराच खुलला. देवाजी दाराआडून बघत होता. त्याला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात समिती हार घेऊन आत शिरली. नागपूरच्या मॅडम आल्या त्या आपला धान पाहायलाच, असं गाव धरून चाललं होतं. लच्छूने पुढे होऊन ओंजळभर तांदूळ त्यांच्या नाकाखाली धरला.

मॅडम दचकल्या. "हा तांदूळ त्या खोलीत ठेवला होता का?"

"नाई जी. जन्मजातच आहे याचा वास. मुखरू सुगंधा!"

मॅडमनी पुन्हा हुंगलं. मग नंदिनीकडे पाहिलं, आणि त्यांचा खुललेला चेहरा मिटला. "वास तांदळातच असेल, तर तो कोंड्यातही असणार. मग बुरशीने केलं काय? ही तुमची बुरशी म्हणजे आयत्या बिळावर नागोबा झाली की."

"मॅडम, धानाला असा वास असूच शकत नाही," नंदिनी म्हणाली.

"पोरी, गावची असून गावच्या धानाले नावं ठेवून राह्यली?" लच्छू उसळला. "उलट मॅडम, तिच्या बुरशीलेच आमच्या धानाचा वास लागला. आमी तक्रार करनार होतो, पन म्हटलं पोरगी आपली आहे."

मॅडम स्वभावाने शांत होत्या. त्या म्हणाल्या, "भांडू नका. मिलमध्ये कधीच न आलेला धान मूठभर द्या मला, घरच्या साठवणीच्या ढोलीतला. त्याला वास नसेल तर काम नंदिनीचं. चारला माझी गाडी निघते. तोवर धान नाही मिळाला, तर मला नामंजूर लिहावं लागेल."

समितीने जागच्या जागी बैठक घेऊन ठराव केला. एक दाणा गावाबाहेर जाणार नाही. शोधावं आपण आणि नाव लावावं दुसऱ्यानं, असल्या गोष्टी इथे आजोबांपासून ऐकत आलेल्या. मुखरूच्या ढोलीवर आधीच दोन माणसं काठ्या घेऊन बसवली होती. दुसऱ्या कोणाचा धान द्यावा, तर वारा मुखरूच्या बांदीवरूनच वाहतो, म्हणून साऱ्या गावचाच धान सुगंधी ठरवून टाकला होता. देवाजीला वावरच नव्हतं, तो कुठला धान देणार?

नंदिनी बापाजवळ आली. तिचा आवाज अगदी खाली होता. "बाबा, मागच्या खोलीतल्या रिकाम्या चुंगड्या कुठी गेल्या?"

"वापरल्या."

"कायच्यात?"

"झटकल्या होत्या ना बापा चांगल्या. बारा-बारा दा."

नंदिनी पायरीवर बसली. रागावली असती तर देवाजीला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "काऊन नाई सांगतलं?"

देवाजी तडक मॅडमसमोर जाऊन उभा राहिला आणि भरल्या सभेत त्याने सगळं सांगून टाकलं. चुंगड्या, कोंडा, भिंतीवर आपटणं, तेरवीचा भात. बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. ते फार टिकलं नाही. समिती मोठ्याने हसली. "पोरीसाठी बाप काय बी बोलन," लच्छू म्हणाला, आणि दोघा-तिघांनी तर देवाजीच्या पाठीवर हात फिरवला. मॅडमही म्हणाल्या, "तुम्ही मुलीचे वडील, तुमचा शब्द मी कसा लिहू? मूठभर धान आणा, भाऊ." खरं लपवण्यात देवाजीचा महिना गेला होता, आणि आता तेच खरं कोणी फुकटही घेत नव्हतं.

अडीच वाजले होते. देवाजी मुखरूच्या घरी गेला. मोठ्या माणसाने पाहुण्यांच्या चहापाण्यासाठी धावत जाऊ नये, म्हणून समितीने मुखरूला घरीच बसवलं होतं. पहारेकरी उन्हाला कंटाळून शेजारच्या ओसरीत घोरत होते. अंगणाच्या कडेला ढोली, बांबूची, शेणामातीने लिंपलेली, खालच्या भोकात चिंध्यांचा बोळा. देवाजीने इकडे तिकडे पाहिलं. आयुष्यात त्याने कोणाचा दाणा चोरला नव्हता. त्याचा हात बोळ्याकडे गेला.

"देवाजी, बोळा नको काढू, सारा धान पसरन," आतून मुखरूचा आवाज आला. "ये, जेवाले ये."

देवाजी मेल्याहून मेल्यासारखा आत गेला. मुखरू ताटलीत भात घेऊन बसला होता, वर लाखोळीच्या डाळीचं वरण. त्याने दुसरी ताटली काढून भात वाढला. हा मिलचा तांदूळ नव्हता. स्वतःपुरता मुखरू घरच्या उखळात कांडायचा. देवाजीने घास तोंडाजवळ नेला आणि थांबला. भाताला भाताचा वास येत होता.

"मुखरूभाऊ," तो म्हणाला, "तो जो वास आहे ना..."

"चुंगडीचा आहे," मुखरू म्हणाला आणि वरण कालवू लागला.

"तुमाले मालूम होतं?"

"हार पडला त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. तुह्या एका चुंगडीत मी मिरच्या भरल्या होत्या. मिरच्याइले बी केकचा वास आला. आता मिरच्या तर मी बाजारातून आणल्या होत्या."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

मुखरूने घास पूर्ण चावून खाल्ला. "पन्नास वर्सं धान पिकवून राह्यलो, देवाजी. लोकं माह्या धुऱ्यावरून रोज जातेत. कोनाची म्हैस हरवली, कोनाची शेळी शिरली, म्हनून थांबतेत. माहा धान कोनी हातात घेऊन नाकाले नाई लावला. एकदाबी नाई. यंदा लोकं चपला काढून राह्यले. मी म्हटलं, चार दिवस राहू दे. बस, येवढंच."

देवाजीचे डोळे भरून आले. समोरच्या भातात नजर रोवून तो म्हणाला, "नंदिनी जाते भाऊ. चार वाजेपर्यंत तुमचा मूठभर धान नाई भेटला, तर हैदराबादले जाते."

"तिथी धान पिकते का?"

"मालूम नाई."

मुखरूने ताटलीतला शेवटचा भात निपटून खाल्ला, हात धुतला, खुंटीवरची पांढरी टोपी घेतली, तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि डोक्यावर घातली. अंगणात येऊन त्याने बोळा बेताने काढला, एक मूठ भरून घेतली आणि बोळा परत बसवला. "चाल," तो म्हणाला.

मिलवर पोचेपर्यंत मागे अर्धं गाव लागलं होतं. समितीने वाट अडवून पाहिली, पण ज्याच्या गळ्यात हार घातला त्याला ढकलायचं कसं, हा पेच तिला सुटला नाही. मुखरूने चार दाणे तळहातावर चोळून टरफलं फुंकली आणि हात मॅडमपुढे केला. मॅडमनी हुंगलं. "काहीच वास नाही," त्या म्हणाल्या.

"येऊन राह्यला की!" लच्छूने मान पुढे घातली. "वा! कालच्यापेक्षा जास्त आहे."

मग रांग लागली. एकेचाळीस माणसांनी मुखरूच्या तळहाताला नाक लावलं आणि एकेचाळीस जणांनी वास येतो म्हणून सांगितलं. एकाला तर घेरी आली, इतका येत होता. चंदाबाईने हुंगलं मात्र आणि तिला पुन्हा हसू फुटलं. शेवटचा माणूस दुसऱ्यांदा रांगेत येऊन उभा राहिला. हे पाहून मॅडमनी पुन्हा एकदा हुंगलं, मग रुमालाने नाक पुसून तिसऱ्यांदा. शिकलेल्या बाईचा स्वतःच्या नाकावरचा विश्वास डळमळला होता. नंदिनीने डोळे मिटून घेतले.

"मॅडम," मुखरू म्हणाला. त्याचा आवाज बैठकीत कोणी कधी ऐकला नव्हता, म्हणून सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. "नाई येत वास. धान माहा आहे. मी सांगतो, नाई येत."

"वयानं नाक गेलं तुमचं, मुखरूभाऊ," लच्छू समजुतीने म्हणाला.

"असन गेलं. पन धान माहाच आहे ना?"

मुखरूने उरलेली मूठ मॅडमच्या काचेच्या बाटलीत रिकामी केली. मॅडमनी झाकण घट्ट लावलं. नंदिनीच्या कागदावर त्यांनी पेन्सिलने नामंजूर लिहून ठेवलं होतं, ते खोडलं आणि खाली पेनाने मंजूर लिहून सही केली. नंदिनीने ते वाचलं आणि बापाकडे पाहिलं. देवाजीला भरल्या सभेत रडू आलं. त्याने ते आवरलं नाही.

आता बाटलीला चिठ्ठी लावायची होती. मॅडमनी पेन उघडलं. "वाणाचं नाव काय लिहू?"

सगळं गाव मुखरूच्या तोंडाकडे बघत होतं. लच्छूने तर ओठांनी नाव पुटपुटून दाखवलं.

"साधा धान, लिवा," मुखरू म्हणाला.

मॅडमनी लिहिलं. मग त्यांनी पिकवणाऱ्याचं नाव विचारलं. ते मात्र मुखरूने तीनदा सांगितलं, आडनावासकट, आणि मॅडमनी नीट लिहिलं की नाही ते टोपी सावरत, वाकून, अक्षर अक्षर पाहून घेतलं.